गंगा सोबत हाय

२ सप्टेंबर, मंगळवार
पुन्हा बंद पडली! केंब्रिज चौकात, ऐन शाळेच्या वेळेला. मागे ट्रकांची रांग, भोंग्यांनी कान किटले. किल्ली फिरवली — घरघर, मग सुरू, जरा पुढे सरकली आणि पुन्हा थंड. एका रिक्षावाल्याने उतरून कडेला ढकलली. मी स्टेअरिंग धरून रडत बसले. गाडीसाठी नाही. विश्वजीत शेजारी असता तर "क्लच, तनुजा, क्लच!" म्हणून ओरडला असता. नवऱ्याचं ओरडणं ऐकायला मिळत नाही म्हणून रडणारी मी एकटीच असेन.

जूनमध्ये तो गेला. तोवर ही गाडी कधी शिंकलीसुद्धा नव्हती.

४ सप्टेंबर, गुरुवार
करीमभाईंच्या गॅरेजला नेली. ते आणि विश्वजीत एका बाकावरचे. प्लग साफ केले, कॉइल बदलली. "विशू की गाडी है भाभी, ऐसे कैसे रुकेगी," म्हणाले. मग बोनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ वर आलेच नाहीत. मी दुसरीकडे बघत राहिले.

९ सप्टेंबर, मंगळवार
करमाडला पोचायच्या आधीच बंद. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपलेली. मुख्याध्यापक — "मॅडम, हे रोजचंच झालं." झालंच आहे.

संध्याकाळी ऋतुराजदादाचा जालन्याहून फोन. "किती दिवस एकटी झुंजणार? इकडच्या शाळेत जागा आहे. दिवाळीनंतर गाडी घेऊन सरळ निघून ये." आणि आत्याबाई? सासूबाईंना एकटं कसं सोडू? "त्यांना फुलंब्रीला त्यांच्या लेकीकडे, द्वारकाबाईंकडे ठेवू. त्या बघतील."

मी हो म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाही.

आत्याबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. मी आवाज बारीक केला होता. त्यांना कमी ऐकू येतं, बरंच आहे.

१० सप्टेंबर
सासूला न सांगता सासूचं घर मोडायला निघालेय. सकाळी निघताना रोजच्यासारखं म्हणाल्या, "जा पोरी, गंगा सोबत हाय तुह्या." नजर वर करवली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
सापडलं! फिल्टर बदलूनही आचके थांबेनात, तेव्हा करीमभाईंनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. थोडा वेळ ठेवलं. "नीचे देखो भाभी." वर पेट्रोल, तळाशी वेगळा थर. पाणी! म्हणून इंजिन गुदमरत होतं. पेट्रोलपंपावरच मिसळत असणार म्हणाले. टाकी रिकामी करून दिली. आता पंप बदलायचा.

येताना गाडी अशी पळाली, की मी बाजूच्या सीटकडे बघून हसले. मग आठवलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
बंद!! पंप बदलला, तरी बरणीत पुन्हा पाणी. करीमभाईंनी डोकं खाजवलं. "भाभी, अब पंप का नाम मत लो. ये घर से आ रहा है."

घरून? टाकीच्या झाकणाचं कुलूप केव्हाच मोडलंय. फाटकासमोर गाडी लावण्यावरून शेजारचे सांडूकाका सदा कुरकुरतात. तेच! मी तडक गेले आणि नको ते बोलले. काका एवढंच म्हणाले, "पोरी, विश्वजीतला म्या खांदा दिलाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
यंदा आपल्याकडे सण नाही. गल्लीत सगळ्यांच्या गाड्यांना झेंडूचे हार. आपली तेवढी बोडकी. निदान पुसावी म्हणून फडकं घेऊन अंगणात आले.

टाकीचं झाकण उघडं. आत्याबाई गडूने आत पाणी ओतताहेत. पायाशी तेलाचा जुना प्लास्टिकचा कॅन.

"आत्याबाई! अहो, काय करताय हे?"

"गंगा घालते." अगदी सहज! "त्याच्या दहाव्याला पैठणहून आणली हुती. राख सोडली ना, तिथलीच भरली. गाडी जिथून पिती तिथंच घालते. म्हनलं, वाटंनं तो तुह्या संगं राहील."

गंगा. इथं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, मीही म्हणते. आणि इतके दिवस मला वाटत होतं, त्या नुसता आशीर्वाद देतात.

मी रागावले नाही. पण सांगावं तर लागणारच होतं — पाण्यानेच गाडी बंद पडते. त्या पायरीवर बसल्या. "म्हंजी मीच अडवीत हुते व्हय तुला? आन तुला तर एवढं जालन्याला जायचं..."

ऐकलं होतं त्यांनी. सगळं.

"लांबचा रस्ता, म्हनून ह्या महिनाभरात जरा जास्तीच घातली." कॅन उलटा करून दाखवला. थेंब नाही. मी विचारलं, तुमच्यासाठी काय ठेवलंत मग?

"मला कशाला? मी कुठं जाती?"

त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी जूनपासूनचं सगळं रडून घेतलं. गल्लीत सोनं वाटत फिरणारी माणसं फाटकापाशी येऊन परत गेली.

३ ऑक्टोबर
आधी सांडूकाकांचे पाय धरले. मग गॅरेज. करीमभाईंना सांगितलं, पाणी कुठलं होतं ते. हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. "भाभी... मैंने तो नाली में फेंक दिया." तिथंच टायरवर बसले आणि तोंड झाकून घेतलं.

५ ऑक्टोबर, रविवार
टाकी धुऊन घेतली. आत्याबाईंना घेऊन पैठणला गेले. त्या पुढच्या सीटवर, मांडीवर रिकामा कॅन. गाडी एकदाही बंद पडली नाही. घाटावर कॅन भरला. येताना त्या दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, खड्डा आला की मलाच दटावत होत्या.

रात्री दादाला नाही म्हणून कळवलं. आत्याबाईंना सांगायचं राहिलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार
निघताना आत्याबाई सवयीने म्हणाल्या, "जा पोरी, गंगा..." आणि थबकल्या. मी म्हटलं, "गंगा घरी राहू द्या. मी संध्याकाळी येते."