आपोआप उघडणारं गेट

३ जून
आईला जाऊन महिना झाला. ताईचा फोन आला. आईची खोली आवरायची आहे, रविवारी ये म्हणाली. येतो म्हणालो. त्याआधी कालव्याच्या गेटचं डिझाइन संपवणार. पाणी चढलं की तरंगणारा डबा वर येईल आणि गेट आपोआप उघडेल. उतरलं की मिटेल. कोणी हँडल फिरवायला नको. आईच्या आजारपणात रजा मिळाली नाही ती याच कामामुळे. म्हणजे मागितली नव्हती, पण मिळाली नसतीच.

८ जून
काल गेलो नाही. लॅबमधल्या छोट्या कालव्यात मॉडेल बसवत होतो. आज साहेबांना दाखवलं. गेट उघडतं, पाणी उतरतं, गेट मिटतं, पाणी चढतं, पुन्हा उघडतं. सारखी थडथड. साहेब म्हणाले, दार आहे की पंखा? किरकोळ दोष. ताईला पुढच्या रविवारचं नक्की कळवलं.

१० जून
ताईचा फोन. पलंगाचं काय करू, कपड्यांचं काय करू. तुला योग्य वाटेल ते कर, मी गेटमध्ये अडकलोय, म्हणालो. एवढा विश्वास टाकला, तिला बरंच वाटलं असणार. तिने लगेच फोन ठेवला.

१५ जून
काल गेलो नाही, पण कारण भक्कम. गेटची हालचाल सावकाश व्हावी म्हणून तेलाचा दट्ट्या लावला. थडथड बंद. गेटच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी तसूभर हलत नाही. साहेबांनी मात्र खाली बोट दाखवलं. कालव्याचं शेवटचं टोक भरून पाणी लादीवर आलं होतं. म्हणाले, "वरची पातळी छान राखलीत. उरलेलं सगळं खालच्याच्या गळ्यात मारलंत."
कामाच्या अटींमध्ये फक्त वरचीच पातळी आहे, असं मी दाखवून दिलं. मग लादी पुसली. घरी जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२१ जून
गेलो. ताईला काय सांगायचं ते बसमध्ये नीट जुळवलं: रजा, लॅब, दट्ट्या. खोली रिकामी. पलंग होता तिथली भिंत तेवढी उजळ. म्हणालो, माझ्यासाठी थांबायचं होतंस.
ताई खिडकीचा पडदा काढत होती. मागे न बघता म्हणाली, "थांबले होते रे. आईपण थांबली होती."
जुळवलेलं काही बोललो नाही. पडद्याचं दुसरं टोक धरलं.
परतीची बस सातची होती. गेली असेल.