लाल चिंधीवाले मटार

ताथवडे, सोमवार

सौ. दुर्गाविहीणबाई यांना यशोदेचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता वळत असेल, व्याह्यांचा खोकलाही उतरला असेल. आणि तुमची शेळी? तिला हल्ली भूक कशी काय लागते? (सहज विचारत नाही, पुढे कळेलच.) फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि जावईबापू शेजारी. म्हणून पत्र.

विहीणबाई, यंदा मटारात मला घबाड सापडलंय! आमच्या उरलेल्या दोन गुंठ्यांत (बाकी जमिनीवर आता बारा मजले उभे आहेत) सगळ्या वेलांवर भुरी पडली, पीठ चाळल्यासारखी. त्यात एकच वेल हिरवागार! शेंगा मात्र किडकिडीत. आणि पलीकडच्या कोपऱ्यात एक बुटका, भुरीने पार पांढरा, पण शेंगेत नऊ-नऊ दाणे आणि गोडी अशी, की घरात पोचेपर्यंत शेंग उरत नाही. मी खुरपं टाकून नाचायचीच बाकी होते. या दोघांचा संकर केला तर! तुमच्या सूनबाईच्या, म्हणजे आपल्या तनुजाच्या, बारावीच्या जुन्या पुस्तकात सगळं दिलंय : एकाची कळी उमलायच्या आत उघडून पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्याचे पराग लावायचे. (तनुजाचा भुवयांचा चिमटा मी आधीच लांबवलाय, तिला सांगू नका.) पण ते पुढच्या हंगामात. यंदा नुसतं बी धरायचं, म्हणजे शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. ह्यांनी उसळीसाठी किती विनवण्या केल्या, मी हात लावू दिला नाही. ओळखू यावेत म्हणून दोन्ही वेलांना ओटीतल्या लाल ब्लाउजपीसची चिंधी बांधली. लाल म्हणजे शुभ, एवढंच माझं शिक्षण.

काल जावईबापू आले. तुमचे सुजितराव म्हणजे सोनं, रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नाही. चाकणला कंपनीत ते तपासणीवर, आणि तिथे लाल खूण म्हणजे माल बाद. मी चहा टाकेपर्यंत ते हात झटकत आले. "आई, सगळा रिजेक्ट माल उपटला. आता लाइन एकदम ओके!"

माझ्या हातून साखरेचा डबा सुटला. हे मागोमाग आत येऊन कुजबुजले, "जावयाला काय बोलायचं न्हाई. भजी तळ." मी तळली. डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपलं. निघताना जावईबापू म्हणाले, टाकायचं कशाला, शेळीला होईल. आणि दोन्ही वेल शेंगांसकट गाडीला बांधून तुमच्याकडे तळेगावला नेले.

असो. मटार काय, पुढच्या वर्षीही येतात. सहज कळवलं.

तुमची,
यशोदा

ता. क. सहज नाही हो, जीव टांगणीला लागलाय! वेल शिल्लक असतील तर तस्से सावलीत उलटे टांगा. शेंगा भरून पिवळ्या पडत होत्या, बी नक्की धरेल. उसळ करू नका, तुम्हाला तनुजाची शपथ. शेळीने एकच खाल्ला असेल तर कोणता, ते कळवा.

ता. क. पुन्हा : शेजारचा भीमराज पत्रासोबत तिळाच्या लाडवांचा डबा देईल. डब्याला त्याच ब्लाउजपीसची लाल चिंधी बांधली आहे. वेल वाचले असतील तर चिंधी त्याच्याच हाती परत पाठवा, मी समजेन. मात्र डबा जावईबापूंच्या आधी तुम्ही उचला, नाहीतर लाडूही शेळीलाच जातील.