पाण्यातली अंगठी

१२ फेब्रुवारी, गुरुवार
अंगठी बोटात येऊन दहा दिवस झाले. काळी, जाड, आतून हिरवा उजेड. नाडी मोजते, झोप मोजते आणि पुण्यात बसलेल्या माझ्या लेकीला, मंजिरीला, फोनवरून सगळं कळवते. दिवाळीत मी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून मं.चा एकच धोशा, घर बंद कर, माझ्याकडे ये. शेवटी तह झाला. गुढीपाडव्यापर्यंत अंगठी घालायची. नाडी सुरळीत दिसली तर सोलापूर, नाहीतर पुणे.

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस प्रार्थनेआधी आमची बोटं तपासायच्या. "रिंग्ज आर फॉर ब्राइड्स अँड बिशप्स, गर्ल्स." आता मी नवरीही नाही आणि बिशपही.

१६ फेब्रु., सोमवार
चार दिवसांनी नळाला पाणी. पिंप, कळश्या, बादल्या. सवयीने अंगठी काढून खिडकीत ठेवली. सोन्याची अंगठी आयुष्यभर अशीच काढली, कणीक मळताना, भांडी घासताना, अंघोळीला. दहाला मं.चा फोन. "आई, सकाळपासून तुझी नाडीच नाही." म्हटलं, आहे गं, नसती तर बोलले असते का? ती हसली नाही.

मग नियम सांगितले. पाण्याला भ्यायचं नाही, अंगठी पाण्यात चालते. साबण आत राहू द्यायचा नाही. खालचं बोट कोरडं करायचं. बादलीची कडी किंवा बत्ता धरताना काढायची. कढत पाणी नको. सगळं लिहून घेतलं, शाळेतल्यासारखं.

एक मात्र तिला सांगितलं नाही. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवलाय. हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारलं, हळूहळू करा म्हणाले. पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलंय.

२३ फेब्रु.
पाण्यात उतरले! लग्नानंतर पहिल्यांदाच. मंद्रूपला मामांच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकले होते. डोकं विसरलं होतं, पाय नाही. रुकसाना शिकवते, मं.पेक्षाही लहान. म्हणाली, "आंटी, तुम्ही तर जुन्या खेळाडू निघालात."
अंगठी घरी काढून गेले होते.

२७ फेब्रु., शुक्रवार
पकडली गेले. रोज सकाळी तासभर नाडी गायब, मं.ने बरोब्बर हेरलं. सांगावंच लागलं.
"मला का नाही सांगितलंस?"
"तू नाही म्हणाली असतीस."
मग म्हणाली, निदान पाण्यात घालून तरी जा. तह अजून आहे म्हणाली.

४ मार्च, बुधवार
गार पाण्यात बोटं आकसतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. हात मारता मारता अंगठी सुळकन गेली. अख्खी बॅच थांबली. रुकसानाने बुडी मारून तळावरून आणली. मी काठाला धरून उभी. अंगठी गेली असती तर काही विचारायलाच नको होतं, सरळ पुणे.

शेजारच्या महानंदाताईंना सांगितलं. "सैल अंगठीला दोरा गुंडाळायचा, एवढं ठाव न्हाय व्हय वैनी? कॉन्व्हेंटात काय शिकवलं मग?" स्वतः रीळ आणलं आणि आतून गुलाबी दोरा घट्ट गुंडाळून दिला. लग्नातली अंगठी मला सैल होती तेव्हा सासूबाईंनीही असाच गुंडाळून दिला होता. किती वर्षं झाली. छान बसली बोटात.

९ मार्च, सोमवार
वाईट दिवस. चार दिवस नाडी वरखाली दिसतेय, कालपासून तर मधूनमधून नाहीच. मं. रडवेली. "बस झालं आई. मी तिकीट काढते, तू बॅग भर." मला तर काहीच होत नाहीये. पण दिवाळीतही आधी काही कळलं नव्हतंच. कपाट उघडलं, दोन साड्या पलंगावर काढून ठेवल्या. तिसरी काढवेना.
बोटाला खाज. लाल झालंय.

१० मार्च
निरोप घ्यायचा म्हणून तलावावर गेले. रुकसानाने माझं लाल बोट बघितलं, अंगठी उतरवली आणि कपाळाला हात लावला. "आंटी, हे काय? ही आतल्या उजेडातून नाडी बघते. तुम्ही तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत." दोरा इतके दिवस ओलाच राहिलेला, खालची कातडी पांढरीफटक. कात्रीने कापून काढला.

तिथूनच मं.ला फोन केला. "दोरा? आई, दोरा?" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिला अशी हसताना ऐकलं.

अंगठी आता दुसऱ्या हाताच्या तर्जनीत. सांधा जाड, तिथून निसटत नाही. पोहून आल्यावर नळाखाली धरायची, आतून पुसायची.
महानंदाताई ओशाळल्या. "आमच्या सोन्याला डोळे नसत्यात वैनी, मला काय म्हाईत."
साड्या परत कपाटात.

१५ मार्च, रवि.
पाच दिवस नाडी सुरळीत. परवा दुपारी तेवढी थोडी अडखळली, मं.ला माझ्याआधी कळलं. डॉ.कडे जाऊन आले. गोळी बदलली, पोहणं चालू ठेवा म्हणाले. म्हणजे अंगठी अगदीच चहाडखोर नाही.

२० मार्च, शुक्रवार
पाडव्यासाठी मं. आलीय. काल श्रीखंड-पुरी झाली, तहाचा विषय दोघींनीही काढला नाही. आज सकाळी ती तलावावर आली. मी पाण्यात, ती पायरीवर बसली, हातात फोन. रुकसानाला विचारू लागली, आईची नाडी दिसत का नाही? रुकसाना म्हणाली, "दीदी, पाण्यातून फोनला काही कळत नाही. त्या बाहेर आल्या की कळेल."

मी तलावाच्या रुंदीत पलीकडे निघाले. मध्यावर दम लागला, पाठीवर पडून राहिले. कान पाण्यात, वर नुसतं आकाश. मान वळवली. मं.ने फोन पर्समध्ये टाकला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या लहानपणी सायकल शिकवताना हात सोडून मी जशी बघायची, अगदी तशी.

पलीकडचा काठ गाठला. ती टॉवेल घेऊन वळसा घालून आली. पुण्याचं काही बोलली नाही. माझा हात हातात घेऊन अंगठीखालचं बोट मात्र नीट पुसलं.
तिची गाडी उद्या दुपारी आहे, तिकीट एकटीचंच. सकाळी परत तलावावर येते म्हणाली.