फडताळावरची गेरूची रेघ

आबा,

आपल्या गावाला पिण्याचं पाणी देणारं पंपघर आज सकाळी तिसऱ्यांदा पाण्याखाली गेलं. पाणी खात्याच्या ओव्हरसीयरनंच फोनवर दुजोरा दिला. दोन्ही मोटारी बुडाल्या. कोल्हापूरच्या कचेरीत बसून बातमी लिहून दिली आणि उरलेल्या कागदावर तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली.

खात्यासाठी नदीच्या पाण्याची उंची रोज वहीत टिपणं हे तुमचं काम. पण पूर ओसरून घरी परतलो की चिखल काढायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, गेरूची रेघ ओढायचात. आई करवादायची, "आधी चूल तरी काढा चिखलातनं. रेघ काय पळून जातीया व्हय?" सगळ्यात वरची रेघ फडताळाच्याही वर होती.

पंपघराची जागा ठरवायला इंजिनियर साहेब आले ते ऐन उन्हाळ्यात. नदी पार आटलेली. ते फडताळाला टेकून चहा पितायत आणि तुम्ही रेघेकडं बोट दाखवताय. "सायेब, तुमी बसलाय तितं पाणी डोक्यावर हुतं. पंपघराची जागा तर आमच्या उंबऱ्यापेक्षा पुरुषभर खाली हाय."

"तुमचं घर मातीचं आहे. पंपघर सिमेंटचं होणार."

"पाण्याला शिमिट कळत न्हाय की."

साहेब हसले. म्हणाले, जागा मंजूर झालीय, आता हलवायची म्हणजे फाईल पुन्हा मुंबईला जाणार.

तुमच्या अर्जाला उत्तर आलं नाही. मी नुकताच वार्ताहर झालो होतो. उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही एसटीनं कचेरीत आलात, वहीतल्या आकड्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवलात. "भाषणं थोडी कमी लिही, पण ही रेघ छाप." दुसऱ्या दिवशी अंक दोनदा चाळलात. मी म्हणालो, जागा नव्हती. "आसंल. मंत्र्याचं भाषण लई लांबलं आसंल," एवढंच म्हणालात.

त्याच पावसाळ्यात पंपघर बुडालं, मोटारी जळाल्या. गावाभोवती सगळीकडं पाणी, आणि आई इतर बायकांसोबत घागर घेऊन पिण्याच्या पाण्याच्या होडीची वाट बघत चावडीपाशी उभी. तुमच्या माघारी पुन्हा तेच झालं. मग खात्यानं पंपघराचा चौथरा दोन फूट उंच केला आणि नवी कोनशिला बसवली. दोन फुटांनी काय होणार होतं, हे आपल्या फडताळालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं या बातम्या लिहितोय. आता राग येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

आबा, त्या दिवशी जागा होती. तुमच्या रेघेचा शेवटचा परिच्छेद लिहून मीच काढला. उद्घाटनाच्या बातमीत तो बरा दिसला नसता, असं मला वाटलं. रिकाम्या जागेत लग्नाचे मुहूर्त छापले.

हा कागद खणात ठेवतो.

ओव्हरसीयर म्हणाला, पाणी आठवड्याभरात उतरेल, नव्या मोटारी त्याच चौथऱ्यावर बसतील, कारण मंजुरी तिथलीच आहे. दिवाळीच्या आधी उद्घाटन होईल आणि मलाच जावं लागेल. आजच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात तुमची रेघ घातली आहे. उपसंपादक म्हणाले, "जागा बघतो."