मोरपिशी पट्टीचा दुसरा लॉट

१२ नोव्हें. ९५, रवि.
काल शेठने केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या कपात चहा दिला, तेव्हाच ओळखलं की काम खास आहे. पुढच्या महिन्यात मद्रासला शेजारी देशांचे खेळ, यजमान आपण. पदकं ज्या पट्टीत ओवून गळ्यात घालतात ती सुरतेतून जाणार. जरीची बारीक कड शहरात लागेल, पण रंगणार आमच्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये. म्हणजे रंगवणार मी. रंग मोरपिशी. नमुन्याची चिंधी खिशात घेऊन फिरतोय.
गेल्या वर्षी प्लेगात सुरतहून आलो म्हणून सख्ख्या मेहुण्याने अमळनेरला मला ओसरीवरच बसवलं होतं. पाणीसुद्धा लांबून. आता सात देशांच्या गळ्यात सुरतची पट्टी. बस म्हणावं आता तू ओसरीवर.

१५ नोव्हें., बुध.
पहिला नमुना काढला. लॅबच्या ट्यूबलाइटखाली बरोबर, उन्हात नेला तर काही कळेना. उजवा डोळा मिटून पाहिलं तर सगळंच पिवळट, समोरच्या पांढऱ्या भिंतीसकट. डाव्या डोळ्याचं हे दिवाळीपासून चाललंय. आता उजवाही तिकडेच निघालाय असं वाटतं. कुणाला बोललो नाही. रंगमास्तरचे डोळे गेले म्हणजे मास्तर काय राहिला?

१९ नोव्हें., रवि.
नमुना आणि चिंधी गच्चीवर उन्हात धरून बसलो होतो. बायको, कमळ, मिरच्या वाळत घालत होती. खांद्यावरून वाकून म्हणाली, "हाई पट्टी जास्त हिरवी शे."
"रंगातलं तुला काय कळतं?" मी.
सव्वीस वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन. ब्लाउजपीस जुळवायला चार चार दुकानं पालथी घालते, मी बाहेर उभा राहून चिडतो. आज ती मिरच्या पसरत राहिली.

२० नोव्हें., सोम.
लॅबमधल्या पोराला सहज विचारल्यासारखं विचारलं. तोही म्हणाला, "थोडी हिरवट आहे, मास्तर." कमळ बरोबर होती.
तिला सांगितलं नाही.

२५ नोव्हें., शनि.
काल नव्याने काढलेले तीन तुकडे क.च्या तांदळाच्या ताटाजवळ ठेवले. विसरल्यासारखे. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मधला."
मी म्हणालो, "माहीत आहे मला." साफ खोटं.
आज मधला पास झाला. शेठ खूश. "मास्तर, तमारी नजर एटले नजर!" मीही मान डोलावली. निर्लज्जासारखी.

७ डिसें., गुरु.
पूर्ण लॉट गेला. नमुन्याची चिंधी, शेड कार्ड, उरलेली कातरण, सगळं ही ऑर्डर आणणाऱ्या दलालाने मद्रासला नेलं. एक तुकडा कमी भरला म्हणून मी लॅबमधल्या दोघांना झापलं.

१९ डिसें., मंगळ.
खेळ सुरू. आमचा टीव्ही काळा-पांढरा, म्हणून खालच्या जयेशभाईंकडे गेलो. पहिल्याच दिवसापासून आपलीच चलती. आपला झेंडा वर चढतोय, आपलं राष्ट्रगीत वाजतंय, आणि जिंकलेल्या पोरीच्या गळ्यात माझी पट्टी! अंगावर काटा आला. पण पट्टी जांभळी दिसत होती.
क. कानाशी म्हणाली, "टीव्ही बिघडेल शे, पट्टी नई. तिना तोंडना रंग देखा." खरंच, सगळ्यांचे चेहरे वांग्यासारखे. मग आम्ही दोघं उगाच हसत सुटलो.

२० डिसें., बुध.
घात. मद्रासहून फोन. दलालाने खेळ मोजले, खेळाडू मोजलेच नाहीत. कबड्डी म्हणजे त्याच्या हिशेबी एक सोनेरी, एक रुपेरी, एक कांस्य, संपलं. अरे, संघ असतो तिथे! पट्ट्या अर्ध्यावरच संपणार. आणि संघांचे अंतिम सामने तर शेवटीच आहेत.
शेठ डोक्याला हात लावून. "माल ओछो पड्यो, मास्तर. बीजो लॉट एकसरखो जोईए, हं!"
दुसरा लॉट अगदी एकसारखा. एकाच संघातली पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहणार, निम्म्यांच्या गळ्यात पहिला लॉट, निम्म्यांच्या दुसरा. जरा फरक पडला तर सगळा देश बघणार. माप वहीत लिहिलेलं आहे, पण रंगाचा डबा नवा आलाय, त्याच मापाला तोच रंग उतरेल याचा नेम नाही. जुळवायला मिलमध्ये बोटभर तुकडासुद्धा नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या मद्रासच्या गाडीत माल चढला पाहिजे.
घरी येऊन क.ला सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. ती रडेल वाटलं होतं. ती उठली, बटवा उघडला आणि बोटभर मोरपिशी तुकडा माझ्यापुढे ठेवला. ह्या रंगाची साडी घ्यायची म्हणून जुळवायला ठेवला होता म्हणे! ज्यासाठी मी दोन माणसांना झापलं, तो माझ्याच घरात.
"मी येस उद्या," म्हणाली.

२१ डिसें., गुरु.
डबा द्यायच्या निमित्ताने क. मिलमध्ये आली ती चार वाजेपर्यंत हलली नाही. मी आतून नमुना काढून आणायचा, ती गेटजवळ उन्हात धरायची.
पहिला: "फिका."
दुसरा: "आजून निया पाहिजे." म्हणजे निळा कमी.
तिसऱ्याला मला बरोबर वाटलं. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. मी तोंडापर्यंत आलेलं ते नेहमीचं वाक्य गिळलं. वॉचमन आमच्याकडे बघत होता, बघू दे.
चौथ्या नमुन्यावर तिने आपला तुकडा ठेवला आणि तो उचलायला तिला बोटाने चाचपून कड शोधावी लागली. "आते लावा," म्हणाली.
मशीन लावलं.

२२ डिसें., शुक्र.
पट्ट्यांना जरी लागली, शेठ स्वतः स्टेशनवर गेला. गाडी सुटल्याचा फोन आला तेव्हा कुठे जेवलो. सोनेरी पदकांच्या यादीत आपण सगळ्यांच्या पुढे. जयेशभाई पेपरातली यादी मोठ्याने वाचतात आणि दर वेळी माझ्याकडे बघतात, जणू मीच पळतोय.

२६ डिसें., मंगळ.
कबड्डी जिंकलो!!
जयेशभाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या चढाईला आमच्या आळीतला एकूण एक माणूस श्वास रोखून. मग जो काय गोंधळ! पेढे, फटाके, कुणीतरी थाळी बडवत जिन्यावरून खाली. जयेशभाईंनी परवाच टीव्ही दुरुस्त करून घेतलाय. खास माझ्यासाठी, ते कबूल करत नाहीत.
पोरं ओळीत उभी राहिली. एकेकाने मान वाकवली, पदक गळ्यात. मी पडद्याला चिकटलो. "मास्तर, काच साथे नाक अथडाशे!" काचेवर नाक आपटेल म्हणून जयेशभाईंनी चिडवलं, सगळे हसले. मला कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं. क.ला हळूच विचारलं, "दुसरा लॉट कोणता?"
ती बराच वेळ बघत राहिली. "मलेबी वळखू येत नई."
मी सगळ्यांसमोर रडलो. लोकांना वाटलं देशासाठी. होतंच देशासाठी. पण.

२९ डिसें., शुक्र.
खेळ संपले, आपणच पहिले, बाकी सगळे कितीतरी मागे. अमळनेरहून मेहुण्याचं पत्र: "आपल्या सुरतची पट्टी टीव्हीवर पाहिली." आपल्या! पत्र क.ला दोनदा वाचून दाखवलं.
शेठने रविवारी मिलमध्ये समारंभ ठेवलाय. शाल, नारळ, मोठे व्यापारी येणार. बोर्डवर लिहिलंय, मास्तरच्या नजरेचा सत्कार.
डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा आधी काढू. पुढे रंग कसे दिसतील ते आत्ता नक्की सांगत नाहीत.
समारंभात खरं सांगून टाकू का, विचारलं. क. म्हणते, "आधी ऑपरेशन होऊ द्या, मंग सांगा. तोपर्यंत गप ऱ्हा." तिचं चूक नाही. खरं बोललो तर सोमवारपासून लॅबची किल्ली माझ्याकडे राहील का, देव जाणे. नाही बोललो तर तिच्या हक्काची शाल मी पांघरून येणार.

३१ डिसें., रवि. सकाळी
दलालाने मद्रासहून परत आणलेली दोन्ही लॉटची एकेक पट्टी शेठने पाठवली. खिडकीत उन्हात शेजारी शेजारी ठेवल्या. कितीतरी वेळ बघतोय.
क.ला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, तिथे बायका नसतात, मी काय करू? म्हटलं, पहिल्या रांगेत बसायचं. माझ्याकडे रोखून पाहिलं. भाषणात नेमकं काय बोलायचं ते माझंही अजून ठरत नाहीये. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.
रिक्षा खाली येऊन उभी आहे. क. दोन साड्या हातावर टाकून दारात आली. विचारते, यातली कोणती नेसू?
म्हटलं, मला काय विचारतेस? रंगातलं तुला कळतं.