सुमनच्या दारातला अर्धा तास

बुधवार, १५ नोव्हेंबर २००६

आज पोलिओच्या ड्युटीवर साहेबांशी वाजलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. कामतघरच्या चाळीत सुमनने बाळाला डोस द्यायला सलग तिसऱ्या दिवशी नकार दिला. साहेब म्हणाले, "रेशन कार्ड बंद होईल म्हणून सांगा, लगेच ऐकेल."

खोटं का सांगू? मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि विचारलं, "भीती कसली वाटते, सांग तरी."

"मोठीला डोस दिला नि दोन दिस ताप होता, बाई. तवा कोनी इचारायला आलं न्हाय."

मोठीला डोस मीच दिला होता. तिच्या तापाचं मला आज कळलं! का नाही गेले मी तेव्हा?

"ताप डोसाने आला असं मला वाटत नाही. पण मी यायला हवं होतं. चुकलं माझं."

मग ती त्या तापाबद्दलच बोलत राहिली. मी ऐकलं. शेवटी तिनेच बाळाचं तोंड उघडलं.

"एका घरात अर्धा तास?" साहेब ओरडले.

हो, अर्धा तास. उद्या दुसऱ्या दारातही बसेन. माझी तक्रार वरपर्यंत गेली तरी चालेल, पण कुणाच्या आईला मी धमकावणार नाही.