बाबा अठरा हजार आरपीएमला येतात

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली.

सील तयार. आईला समजावलं: इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचा दांडा भयंकर जोरात फिरतो. त्याच्याभोवती ही रिंग बसते आणि आतलं ऑइल बाहेर येऊ देत नाही. आई म्हणाली, म्हंजे बरणीच्या झाकणाचं वायसर. वाद घातला नाही.

इतरांची सील गळतात, कारण ती सैल असतात. माझं घट्ट आहे. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही, याचं नवल वाटतं.

संकल्प: रोज पहाटे चालणे.

४ नोव्हेंबर

चाललो नाही. कुत्री होती.

टेस्ट मशीन लावलं. एक थेंब गळाला नाही! फक्त अठरा हजार आरपीएमला गाळ्यात शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबलचक, शेवटी खरखर. करिष्मा म्हणाली, सर, सील कोरडं घासतंय. करिष्मा आमची इंजिनियर. हुशार आहे, पण नवीन आहे. तिला सांगितलं, शेजारच्या पॉवरलूमचा आवाज आहे.

५ नोव्हेंबर

शेजारचे लूम दिवाळीपासून बंद आहेत म्हणे. मग पत्र्यात वारा शिरत असणार.

७ नोव्हेंबर

पत्र्याच्या फटी बुजवल्या. बेअरिंग बदलली. शिट्टी आहेच.

आणि ती माझ्या ओळखीची आहे. लिहू का नको, असं होतंय. वळ गावातला हा गाळा आमच्याच शेतावर उभा आहे. बाबा बांधावर उभे राहून म्हशीला अश्शीच शिट्टी घालायचे. शेवटी दम लागून खरखर. त्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय.

मी सायन्सवाला माणूस. (बी.कॉम., पण ओढा सायन्सकडे.) तरी शिट्टी आली की मान आपोआप दाराकडे वळते. दारात कुणी नसतं. मग मशीनकडे तोंड करून उभं राहिलो, तर पाठीमागे कुणीतरी नसल्याचं सारखं जाणवत राहिलं.

१० नोव्हेंबर

खूप विचार केला. सीलमध्ये दोष नाही. म्हणजे बाबाच. दुसरं काही उरत नाही.

नाराज असतील. त्यांचं म्हणणं होतं, गाळा भाड्याने दे आणि गप बस.

वॉचमन बुधाला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या पाड्यावर अशा वेळी काय करतात. तो म्हणाला, शेठ, मी आयटीआय केलाय, मला न्हाय म्हायती. तुमी ऑइल सोडून बघा ना.

नारळ फोडला. पाणी सेन्सरवर उडालं. करिष्माने पुसलं आणि टेस्टच्या वहीत 'नारळ' अशी नोंद केली. ती नोंद मला आवडली नाही.

१३ नोव्हेंबर

आई डबा घेऊन आली. मशीन चालूच होतं. अठरा हजार झाले आणि तिने डबा खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला. "तुजं बाबाच हायेत ह्ये," म्हणाली. "म्हशीला बोलवतायत." मी स्विचकडे गेलो तर म्हणाली, नको, जरा ऱ्हाऊ दे.

शाफ्ट इतका तापला होता की जवळ हात नेववत नव्हता. बाबाही तापट होते.

१८ नोव्हेंबर

आता आई रोज दुपारी येते. चहाचे दोन कप आणते, एक मशीनजवळ ठेवते. भात झोडून झाला, गुडघा दुखतो, म्हशीचा गोठा पाडला, असं सगळं सांगते. मधे थांबते. शिट्टीची खरखर झाली की पुढचं बोलते. मी कॉम्प्युटरवर काम करत असल्यासारखा बसतो. अंगावर काटा येतो तो एसीमुळे.

करिष्माने स्वतः एक सील बनवलंय. कड किंचित सैल. तिचं म्हणणं, कडेखाली तेलाचा पातळ थर राहिला की घासणार नाही, गळणारही नाही आणि आवाज जाईल.

मी म्हटलं, आत्ता नको. कारण पूर्णपणे तांत्रिक आहे.

२४ नोव्हेंबर

उद्या चाकणहून गाड्यांच्या कंपनीचे साहेब सील बघायला येणार. हे जमलं तर गाळा चालेल. नाहीतर भाड्याचा बोर्ड.

करिष्मा म्हणाली, सर, प्लीज, सैलवालं लावू. म्हटलं, घट्टच. घरचं कार्य आहे, बाबा आडवे येणार नाहीत.

संकल्प: 'रोबस्ट' हा शब्द दोनदा वापरणे.

२५ नोव्हेंबर

एकदाच वापरता आला.

अठरा हजारला शिट्टी. साहेबांनी भुवया उचलल्या. मग शिट्टीची किंकाळी झाली, जळका वास आला आणि सगळं ऑइल साहेबांच्या शर्टावर. आई दारातून "अहो!" करत धावली. साहेबांना वाटलं, त्यांनाच हाक मारली. करिष्माने मशीन बंद केलं आणि आधी आईला धरून बसवलं.

मग खराब शाफ्ट बदलून तिने तिचं सील लावलं. मी अडवलं नाही. धुराने बोलता येत नव्हतं.

अठरा हजार. वीस हजार. आवाज नाही. गाळा इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. साहेब म्हणाले, याची सॅम्पल पाठवा. हात करिष्माशी मिळवला. माझ्या हाताला ऑइल होतं, म्हणून असेल.

२६ नोव्हेंबर

आई आली. दोन कप. मशीन सुरू केलं. ती कान देऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गेलं का?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं. लय दम लागायचा त्यांना."

दुसरा कप तिने माझ्या हातात दिला.

एकंदरीत प्रोजेक्ट यशस्वी. मन प्रसन्न.

२८ नोव्हेंबर, दुपार

करिष्मा जेवायला गेली तेव्हा माझ्या घट्ट सीलांपैकी उरलेलं एक चढवलं. क्वालिटी चेक म्हणून. अठरा हजारपर्यंत नेलं. शिट्टी आली. बारीक, लांबलचक, शेवटी खरखर. सगळं तस्सं.

दाराकडे बघितलं. मग डोळे मिटून ऐकलं. मग मशीनच्या अगदी जवळ जाऊन.

रबर होतं. घासत होतं.

करिष्मा कधी आली कळलं नाही. तिने विचारलं, सर, बंद करू? मी म्हटलं, कर.